आधी कोणाला टोचावे?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह झाला तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे प्रथम मनात आले. परंतु आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या अंगावर एक इतिहास लिहिलेला आहे, तोच सांगावासा वाटतो. आजेसासूबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते. सासूबाईंच्या दंडावर देवी टोचल्याची खूण होती. माझ्या अंगावर यांतले काहीच नाही. कारण माझ्या जन्माआधीच आपल्या देशातून देवीचा रोग गेला होता.

पूर्वी देवी आल्या की दाराला निंबाचा डहाळा बांधीत, रोग्याला निंबाच्या पाल्यावर निजवीत आणि नवस बोलत. औषध नव्हतेच. १७९६ साली विलायतेत जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी लस शोधली. गाईच्या धारा काढणाऱ्या बायांना गाईपासून फोड येऊन गेले की त्यांना देवी येत नाहीत, ही तिकडच्या खेड्यातली समजूत त्यांनी पारखून पाहिली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस टोचलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरच्या फोडातून काढलेली लस पुढे आणखी पाच मुलांना टोचली, आणि तशीच ती पुणे, सुरत, मद्रासेपर्यंत गेली. पुढे गावोगाव ‘देवी डॉक्टर’ फिरू लागले. ते आले की आया लेकरांना कणगीमागे दडवीत, असे आजेसासूबाई हसून सांगत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच साली १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. रोग्यांची सेवा करता करता त्यांना तो जडला होता. साथ सगळ्यांवर येते, पण रोग्याच्या उशाशी जो बसतो त्याला धोका सर्वांत अधिक, हे यावरून दिसते.

पंढरीच्या यात्रेतही पटकीचे भय असे. निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच तालुक्यातून जाते. एकेकाळी पंढरीच्या वारकऱ्यांना पटकीची लस टोचीत, कारण गर्दी आणि नदीचे पाणी यांमुळे त्यांनाच जास्त धोका.

देवी शेवटी हटली तीही याच विचाराने. नुसते सरसकट सर्वांना टोचत राहून रोग आटोक्यात येईना. तेव्हा रोगी सापडला की त्याच्या घरच्यांना आणि आसपासच्यांना आधी टोचावयाचे, असा मार्ग धरला. १९७४ साली देशात मोठी साथ होती. १९७५ च्या मे महिन्यात शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. दोनशे वर्षांच्या आत एवढा जुना रोग गेला!

आता माझी चूक सांगते. २०२१ च्या १६ जानेवारीस करोनाची लस सुरू झाली, ती प्रथम दवाखान्यात राबणाऱ्यांना. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळिशीपुढील दुखणेकऱ्यांना मिळू लागली. सासूबाईंचे वय सत्तरीच्या घरात, शिवाय साखरेचा आजार. त्यांचा नंबर आमच्या घरात सर्वांत आधी होता. पण ज्वारीची काढणी चालू होती. लस घेतली की ताप येतो असे कोणी म्हणत होते. त्यांना आजारपण, आम्हाला खोळंबा नको, म्हणून “सुगी उरकू द्या, मग जाऊ” असे मीच म्हणाले. त्याही “माझं काय, मी म्हातारी, आधी कमावत्यांचं बघा” म्हणाल्या. पाडव्यानंतर त्या आजारी पडल्या आणि चैत्र संपता संपता गेल्या. टोचले असते तर त्या वाचल्याच असत्या असे मी म्हणत नाही. पण आपल्या हातात होते ते केले नाही, ही रुखरुख आजही जात नाही. तहान लागल्यावर विहीर खणतात ती अशी.

घरात लस कोणी आधी घ्यावयाची, हे आपण कमाई पाहून ठरवतो, आणि आपण बायका तर सर्वांची पाने वाढून मागाहून बसणाऱ्या. लसीची पंगत मात्र मानाप्रमाणे नव्हे, धोक्याप्रमाणे बसवावी. गरोदर सुनेला धनुर्वाताची लस, बाळाला वेळच्या वेळी सर्व लसी, कुत्रे चावले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि घरातल्या म्हाताऱ्या व साखरेच्या, दम्याच्या दुखणेकऱ्यांना कोणत्या लसी द्याव्यात, हे डॉक्टरांना आपणहून विचारावे.

सासूबाईंच्या दंडावरची खूण लहानपणी कोणा आईने भीती गिळून टोचू दिली होती. ती आई आपल्यापेक्षा शहाणी ठरली. आपणही तसे वागावे, एवढीच विनंती.