‘वायच’चा हिशेब

मालवणात 1978 साली दवाखाना घातला, तेव्हा आमचा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. पाय सुजलेला, उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढणारा माणूस आला की बायको सांगे, "ह्येंका दमो लागलो हा." मी विचारी, "पितत काय?" उत्तर ठरलेले: "वायच!" म्हणजे थोडीशी.

हे ‘वायच’ जुने. माडाची माडी, काजूची दारू 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही थांबली नाही. दम्यासारखे वाटणारे, दारूने हृदय फुगण्याचे हे दुखणे मात्र फक्त आमचे नव्हे. 1884 साली म्युनिकच्या डॉक्टर बोलिंगरांनी बिअर पिणाऱ्यांची फुगलेली हृदये नोंदवली होती.

माझ्याकडे स्टेथोस्कोप आणि एक्स-रेतली हृदयाची पसरट सावली, एवढेच. पुढे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ताणलेला डावा कप्पा दिसू लागला. पण हे दारूचेच, असे सांगणारी एकही तपासणी आजही नाही. रक्तवाहिन्या, झडपा, रक्तदाब, थायरॉइड वगळायचे. मग उरतो हिशेब: रोज पाव लिटरच्या आसपास कडक दारू, पाचाहून अधिक वर्षे.

एका खलाशाने दारू पूर्ण सोडली. वर्षभरात तो पुन्हा होडीवर गेला.

डॉक्टरांनी विचारले तर ‘वायच’ म्हणू नका. खरा आकडा सांगा.