अँफोटेरिसिनचे मेदकवच

वैद्यकातील नॅनोतंत्रज्ञानाविषयीच्या लेखनाचा रोख बहुधा येऊ घातलेल्या चमत्कारांवर असतो. मात्र ज्याने खरोखर प्राण वाचवले असे या शाखेचे एक मोठे यश जुन्या आणि विषारी म्हणून बदनाम झालेल्या औषधाला वठणीवर आणण्यात आहे, आणि त्याचा इतिहास अधिक लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे.

अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक 1950च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून वेगळे करण्यात आले. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल हा मेदघटक असतो. औषधाचे रेणू त्याला धरतात, पटलाची तटबंदी ढासळते, आतील क्षार बाहेर गळतात आणि बुरशी मरते. परंतु मानवी पेशींतील कोलेस्टेरॉल हे अर्गोस्टेरॉलचे जवळचे भाऊबंद असल्यामुळे औषधाचा काही मारा रुग्णावरच होई. शिरेतून औषध सुरू करताच हुडहुडी भरे, ताप चढे आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ लागत.

यावरचा तोडगा सर्वस्वी निराळ्या संशोधनातून निघाला. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बाब्राहम येथील संशोधनसंस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम हे रक्ताचे अभ्यासक फॉस्फोलिपिडांचा, म्हणजे एका टोकाला पाण्याची ओढ आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचे वावडे असलेल्या मेदरेणूंचा, अभ्यास करीत होते. असे रेणू पाण्यात सोडल्यास ते आपसूक दुहेरी थर रचून बंदिस्त पुटिका बनवतात, हे त्यांनी आणि आर. डब्ल्यू. हॉर्न यांनी 1964 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून दाखवले. या पुटिका म्हणजेच लायपोसोम होत. त्यांतून औषध वाहून नेण्याची कल्पना 1970च्या दशकाच्या आरंभी ग्रेगरी ग्रेगोरिआडिस यांनी पुढे रेटली.

अँफोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही, हा त्याचा मोठा दोष येथे गुण ठरला, कारण ते पुटिकेच्या पोकळीत न राहता मेदाच्या थरातच रुतून बसते आणि बुरशीशी गाठ पडेपर्यंत बहुतांशी तेथेच राहते. शंभर नॅनोमीटरहून लहान असलेली ही रचना नाजूकही असते. 50 मिलिग्रॅमच्या कुपीतील पिवळी भुकटी निर्जंतुक पाण्यात जोराने हलवून मिसळावी लागते आणि पुढे ग्लुकोजच्या द्रावणातच पातळ करावी लागते. मिठाचे सलाइन वापरल्यास औषध साका होऊन खाली बसते.

बुरशीखेरीज काळा आजार घडवणाऱ्या लीशमेनिया या परजीवीवरही हे औषध चालते. हा परजीवी भक्षकपेशींत दडून राहतो आणि याच पेशी लायपोसोम गिळतात, त्यामुळे औषध नेमके शत्रूच्या घरात पोहोचते. बिहारमध्ये श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, शरीराच्या दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम या प्रमाणात दिलेल्या एकाच मात्रेने सुमारे 96 टक्के रुग्ण बरे झाले. साध्या अँफोटेरिसिनच्या, दिवसाआड दिलेल्या 15 मात्रांचे यशही जवळपास तेवढेच होते. मजुरी बुडवून महिनाभर इस्पितळात पडून राहणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक औषधाच्या गुणाइतकाच मोलाचा आहे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले तेव्हा हेच औषध महाराष्ट्रात दुर्मीळ झाले. दर किलोमागे 5 मिलिग्रॅम हे रोजचे प्रमाण धरले, तरी 60 किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला 6 कुप्या लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. नातेवाइकांनी गावोगावच्या औषधदुकानांत घातलेले खेटे या हिशेबातूनच समजतात. त्यातही ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या तुंबवते, आणि जेथे रक्तच पोहोचत नाही तेथे रक्तावाटे जाणारे लायपोसोमही पोहोचू शकत नाहीत; म्हणून औषध मिळाल्यावरही नाक, सायनस आणि जबड्यातील मृत भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे शल्यचिकित्सकांना भाग पडले.