न्यूयॉर्कचा जमाखर्च

मोठीं शहरें कशीं वाढतात याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; तीं कशीं खालावतात याचा विचार त्या मानानें थोडा झाला आहे. या दृष्टीनें न्यूयॉर्कचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. १९५० च्या खानेसुमारींत त्या शहराची वस्ती सुमारें ७९ लाख होती. १९७० सालींही ती तेवढीच होती. परंतु १९८० सालीं ती जेमतेम ७१ लाख भरली. अवघ्या दहा वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसें कमी झालीं. त्या काळांत तेथें परचक्र आलें नव्हतें, महामारी उद्भवली नव्हती, कीं भूकंपही झाला नव्हता. मग एवढी वस्ती ओसरली कशानें? उदारमतवादी कारभारानें शहर बुडविलें, असें एका पक्षाचें म्हणणें होतें. देशाच्या अर्थव्यवस्थेनें व वरिष्ठ सरकारच्या धोरणांनीं तें बुडविलें, असें दुसऱ्याचें. या दोन उत्तरांचा झगडा तेथें पुष्कळ वर्षें चालला, आणि त्यांत दोन्ही बाजूंस थोडथोडें सत्य होतें.

आधीं शब्दांचा घोटाळा दूर केलेला बरा. महाराष्ट्रांत ‘लिबरल’ म्हटलें कीं न्यायमूर्ति रानडे व नामदार गोखले यांची आठवण होते. सरकारी शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नसून जड करांचें फळ आहे, हें गोखल्यांनीं १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील भाषणांत आंकड्यांनिशीं दाखविलें. तेच गोखले १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल घेऊन पुढें आले, तेव्हां त्याचा खर्च सरकारनें व स्थानिक संस्थांनीं कसा वांटून घ्यावा, याचाही विचार त्यांनीं मांडला. अमेरिकेंत मात्र १९३० नंतर या शब्दाला निराळा अर्थ चढला. मंदीच्या काळांत अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनीं गरिबांच्या पोटापाण्याची जबाबदारी सरकारच्या शिरावर घेतली. तें धोरण मानणारे ते ‘लिबरल’, आणि त्याविषयीं साशंक असणारे ते परंपरानिष्ठ, असा तेथें प्रघात पडला.

न्यूयॉर्क हें या उदार धोरणाचें माहेरघर होतें. शहराचीं स्वतःचीं इस्पितळें होतीं. भुयारी रेल्वेचें भाडें १९०४ पासून १९४८ पर्यंत पांच सेंटांवर स्थिर राहिलें. महायुद्धांत, १९४३ सालीं, घरभाड्यांवर जें नियंत्रण आलें तें युद्ध संपल्यावरही उठलें नाहीं. १८४७ सालीं स्थापन झालेलें सिटी कॉलेज विद्यार्थ्यांकडून फी घेत नसे. या कॉलेजांतून परदेशांतून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांचीं हजारों मुलें शिकून वर आलीं. आयर्व्हिंग क्रिस्टल, डॅनियल बेल व नेथन ग्लेझर हे तिघे विद्वान् त्यांपैकींच होत. उदार धोरणांची सर्वांत कसून चिकित्सा पुढें याच तिघांनीं केली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ते ज्या घराची तपासणी करीत होते, त्या घराचें अन्न त्यांनीं खाल्लें होतें.

हा सारा खर्च पेलत होता, कारण शहरांत कामधंदा होता. १९५० च्या सुमारास तेथील कारखान्यांत दहा लाखांच्या आसपास माणसें राबत होतीं. १९७५ पर्यंत तो आंकडा जवळजवळ निम्म्यावर आला. मोकळी जागा व स्वस्त मजुरी शोधीत कारखाने उपनगरांकडे व दक्षिणेकडे गेले. गोदीचें काम कंटेनरांच्या नव्या पद्धतीमुळें खाडीपलीकडे न्यू जर्सींत गेलें. वॉशिंग्टन सरकारनें उपनगरांतील घरांच्या कर्जांना हमी दिली, आणि १९५६ च्या कायद्यानें तिकडे जाणारे प्रशस्त हमरस्ते बांधावयास घेतले. ती हमी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना बहुधा नाकारली जाई. त्यामुळें मध्यमवर्गांतले गोरे लोक बाहेर पडले, आणि ज्यांना बाहेर पडतां येत नव्हतें ते मागें राहिले. याच वेळीं दक्षिणेंतील शेतीवरून सुटलेले कृष्णवर्णीय मजूर व पोर्टो रिकोचे लोक कामाच्या आशेनें शहरांत येत होते. काम शहर सोडीत असतां कामकरी शहरांत यावे, हा त्या काळचा मोठाच दैवदुर्विलास होय.

अशा वेळीं, १९६५ च्या निवडणुकींत, जॉन लिंडसे हे मेयर म्हणून निवडून आले. ते तरुण, देखणे व सुखवस्तु असून रिपब्लिकन पक्षाचे असले तरी वृत्तीनें पूर्ण उदारमतवादी होते. परंपरानिष्ठांच्या वतीनें ‘नॅशनल रिव्ह्यू’ या पत्राचे संस्थापक विल्यम बकली त्याच निवडणुकींत उभे राहिले; त्यांना शेंकडा १३ मतें मिळालीं. आंकडा लहान असला तरी त्यामागचा असंतोष लहान नव्हता. लिंडसे यांच्या कारकीर्दीचा पहिलाच दिवस, १ जानेवारी १९६६, हा वाहतूक कामगारांच्या संपाचा दिवस ठरला. तो संप बारा दिवस चालला आणि भरघोस वेतनवाढ देऊन मिटला. त्याच वर्षीं शहरानें प्राप्तीवर स्वतःचा कर बसविला. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या लिंडसे अधिकारावर आले तेव्हां पांच लाखांच्या आसपास होती. पुढील दशकाच्या आरंभीं ती दहा लाखांपलीकडे गेली.

लिंडसे यांच्या पदरचें पुण्यही सांगितलें पाहिजे. ४ एप्रिल १९६८ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्या रात्रीं अमेरिकेंतील अनेक शहरें पेटलीं. परंतु हे मेयर स्वतः हार्लेमच्या रस्त्यांवर जाऊन शोकाकुल लोकांत मिसळले. वॉशिंग्टन व शिकागो या शहरांची जशी राखरांगोळी झाली, तशी न्यूयॉर्कची झाली नाहीं.

परंतु क्वीन्स व ब्रुकलिन या भागांतील साध्या गृहस्थांना या मेयरविषयीं जिव्हाळा वाटत नव्हता. लहानसें घर, दारांतली चार हात बाग, मुलांची शाळा आणि पगारांतून कापला जाणारा कर, एवढाच त्यांचा संसार. फेब्रुवारी १९६९ मध्यें सुमारें १५ इंच बर्फ पडलें. क्वीन्समधील गल्ल्या कित्येक दिवस तशाच तुंबून राहिल्या. बर्फ हटविण्याचीं यंत्रें पुष्कळशीं नादुरुस्त निघालीं. त्या वादळापायीं शहरांत ४२ माणसें दगावलीं, आणि पाहणीस आलेल्या मेयरची लोकांनीं हुर्यो केली. त्याच वर्षींच्या निवडणुकींत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार मारिओ प्रोकाचिनो यांनीं ‘लिमोझीन लिबरल’ असा शब्द प्रचारांत आणला. आलिशान मोटारींत बसून दुसऱ्याच्या खिशानें औदार्य करणारा, असा त्याचा भावार्थ. मतें फुटल्यामुळें लिंडसे पुन्हां निवडून आले, पण तो शब्द मागें राहिला.

या रागाची खरी परीक्षा १९७१ सालीं फॉरेस्ट हिल्स येथें झाली. त्या मध्यमवर्गीय वस्तींत गरिबांसाठीं २४ मजल्यांच्या तीन इमारती बांधण्याचें सरकारनें ठरविलें. तेथील रहिवासी, बहुतेक ज्यू व मतदानानें उदारमतवादीच, रस्त्यावर उतरले. त्यांच्या विरोधांत वर्णद्वेष मुळींच नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या जुन्या वस्तींतून गुन्ह्यांच्या भयानें ते एकदां उठून आले होते, तें भय पुन्हां दाराशीं येईल कीं काय, ही धास्ती बनावट नव्हती. १९६० सालीं शहरांत पांचशेंहून कमी खून झाले होते. १९७२ सालीं सोळाशेंहून अधिक झाले. अखेर मारिओ क्युओमो या वकिलांनीं मध्यस्थी केली, आणि इमारती निम्म्या उंचीच्या बांधाव्यात असें ठरलें. त्या तडजोडीवर दोन्ही बाजू नाखूष होत्या. तरी इमारती उभ्या राहिल्या व वस्तीही टिकली.

याच सुमारास क्रिस्टल, बेल व त्यांचे स्नेही १९६५ सालीं काढलेल्या ‘द पब्लिक इंटरेस्ट’ या त्रैमासिकांतून एक प्रश्न धिमेपणानें विचारीत होते: योजनेचा हेतु चांगला आहे, पण परिणाम काय झाला? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर देण्याऐवजीं प्रश्नकर्त्याच्या हेतूविषयींच शंका घेणें, ही उदारमतवाद्यांची चूक झाली.

त्यांची दुसरी चूक जमाखर्चाची. प्रजेवर आणखी कर लादावा तर प्रजा शहर सोडते, आणि खर्च कमी करावा तर मतें जातात. या पेंचांतून सुटण्यासाठीं कर्जाची वाट धरण्यांत आली. लिंडसे यांच्या आधींच, १९६५ सालीं, मेयर वॅग्नर यांनीं चालू खर्चासाठीं कर्ज काढण्याचा पायंडा पाडला होता. पुढें रोजचे खर्च इमारती-पुलांच्या भांडवली खात्यांत घालण्यांत आले, आणि कधींही वसूल न होणारे कर येणें म्हणून दाखवून त्यांवर हुंड्या काढण्यांत आल्या. १९७५ पर्यंत अल्पमुदतीचें कर्ज सुमारें ६०० कोटि डॉलरांवर गेलें. त्या वसंतांत बँकांनीं हात आंखडला. वास्तविक याच बँकांनीं वर्षानुवर्षें हे कागद विकून दलाली मिळविली होती. त्या वेळचे मेयर एब्राहम बीम हे पेशानें हिशेबनीस होते, हा आणखी एक योगायोग.

अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं २९ ऑक्टोबर १९७५ रोजीं मदतीस नकार दिला; दुसऱ्या दिवशीं एका वृत्तपत्रानें ‘मरा’ अशा अर्थाचा मथळा छापला. तो शब्द फोर्ड यांनीं उच्चारला नव्हता, तरी शहरानें तो त्यांच्याच तोंडीं घातला. पुढें फोर्ड वळले, दरसाल २३० कोटि डॉलरांपर्यंत कर्ज मंजूर झालें, आणि शहरानें तें व्याजासह फेडलें.

आतां बिल कोणाच्या पदरांत पडलें तें पहावें. शहराच्या सेवेंतील पन्नास हजारांहून अधिक जागा कमी झाल्या. १९७६ पासून सिटी कॉलेजांत फी सुरू झाली. म्हणजे १८४७ पासून गरिबाच्या मुलाला उघडें असलेलें दार अर्धें मिटलें, आणि तेंही कृष्णवर्णीय व पोर्टो रिकोचीं मुलें नुकतींच मोठ्या संख्येनें आंत येऊं लागलीं असतांना. आगीचे बंब ठेवण्याचीं ठाणीं बंद झालीं. साउथ ब्राँक्समध्यें इमारतींमागून इमारती जळाल्या. कांहीं मालकांनीं विम्यासाठीं पेटविल्या, कांहीं ओसाड पडून पेटल्या. १९७० ते १९८० या काळांत ब्राँक्सची वस्ती तीन लाखांनीं घटली. १३ जुलै १९७७ च्या रात्रीं वीज गेली, तेव्हां सोळाशेंहून अधिक दुकानें लुटलीं गेलीं व हजारांहून अधिक आगी लागल्या. त्या लुटींत ज्यांचीं दुकानें गेलीं, त्यांतील पुष्कळजण त्याच गरीब वस्त्यांतले छोटे व्यापारी होते. ज्यांच्या नांवानें कर्ज काढलें गेलें, त्यांनाच तें सर्वांत कठोरपणें फेडावें लागलें.

मग परंपरानिष्ठांचें उत्तर संपूर्ण खरें ठरलें काय? तसें म्हणतां येत नाहीं. सेंट लुई शहरांत न्यूयॉर्कसारखें फुकट कॉलेज नव्हतें, कीं दीर्घकाळ टिकलेलें भाडेनियंत्रण नव्हतें. तरी १९५० ते १९८० या काळांत त्याची वस्ती साडेआठ लाखांवरून साडेचार लाखांवर आली. क्लीव्हलंडनें १९७८ सालीं देणेंच थकविलें. ज्या लाटेनें हीं शहरें ओढलीं, ती कोणा एका मेयरनें उठविलेली नव्हती. गरिबांच्या मदतीचा व औषधोपचाराचा चौथा हिस्सा राज्यानें शहराच्या माथीं मारला होता, हाही दोष शहराचा नव्हे. हिशेबाविषयींचा त्यांचा आक्षेप बिनतोड होता. रोगाचें मूळ मात्र त्यांनीं अर्धेंच पाहिलें.

पुढचा इतिहास दोन्ही पक्षांना थोडा थोडा नमवितो. १९७८ सालीं मेयर झालेले एड कॉच हे उदारमतवादी म्हणूनच वर आलेले, पण फॉरेस्ट हिल्सच्या वेळीं रहिवाशांच्या बाजूनें उभे राहिलेले गृहस्थ. त्यांनीं १९८१ पर्यंत जमाखर्चाचीं तोंडें मिळविलीं. त्यानंतर, १९८६ सालीं, त्याच मेयरनीं शहराच्या पैशानें घरें बांधण्याची दहा वर्षांची प्रचंड योजना हातीं घेतली. ब्राँक्समधील जी शार्लट स्ट्रीट १९७७ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं विटांच्या ढिगाऱ्यांत उभें राहून पाहिली, तेथें पुढें सुमारें ९० लहान घरें बागांसह उभीं राहिलीं. खुनांची संख्या १९९० सालीं २,२०० वर जाऊन मग उतरूं लागली. २०१७ सालीं ती ३०० च्याही आंत आली. २००० सालच्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८० लाखांपलीकडे गेली.

म्हणजे ज्या सरकारी खर्चानें शहर बुडाल्याचा आरोप होता, त्याच सरकारी खर्चानें जळालेले भाग पुन्हां वसले. फरक इतकाच कीं दुसऱ्या वेळीं पैसा कोठून येणार हें आधीं ठरलें होतें, आणि तें लोकांना सांगितलेंही होतें. क्वीन्समधील गृहस्थाला गरिबांचा द्वेष करावयाचा नव्हता. आपल्याला विचारल्यावांचून आपल्या नांवावर खर्च मांडला जातो, एवढेंच त्याचें गाऱ्हाणें होतें. तें गाऱ्हाणें वेळींच ऐकलें असतें, तर ब्राँक्समधील गरिबाचें घर कदाचित् वांचलें असतें.