हिरवळीचे पोषण (वऱ्हाड)

(हा लेख अंगणे, उद्याने व क्रीडांगणे यांवर राखलेल्या गवताविषयी आहे. ताग, धैंचा ही पिके जमिनीत गाडून केल्या जाणाऱ्या खतासाठी ‘हिरवळीचे खत’ पाहावे.)

हिरवळीचे पोषण म्हणजे राखलेल्या गवतास आवश्यक अन्नद्रव्ये योग्य प्रमाणात व योग्य वेळी पुरविणे होय. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीमुळे येथे या विषयाला वेगळे स्वरूप प्राप्त झाले आहे. या भागात हिरवळीसाठी मुख्यतः हरळी (दूर्वा) वापरतात. कपाशीच्या शेतात जिचा नायनाट करण्यासाठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झटत आला, तीच ही वनस्पती. शहरांच्या वेशीवर ‘लॉन’ हा शब्द आता विवाहसमारंभाच्या मोकळ्या जागेलाही रूढ झाला आहे.

अन्नद्रव्ये

वनस्पतीस १७ मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा आणि पाणी यांतून मिळतात. उरलेली १४ मुख्यतः जमिनीतून येतात. नत्र, स्फुरद व पालाश ही मुख्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही दुय्यम, तर लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन इत्यादी सूक्ष्म अन्नद्रव्ये होत. जे द्रव्य सर्वांत अपुरे असेल तेच वाढीची मर्यादा ठरविते, हे तत्त्व १९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने प्रसिद्धीस आणले. कमी पडलेले द्रव्य एक आणि घातलेले दुसरे, असे झाल्यास खर्च व्यर्थ जातो. वऱ्हाडातील हिरवळींबाबत नेमके हेच वारंवार घडते.

पिवळेपणाचे निदान

गवत पिवळे पडले की युरिया टाकण्याचा प्रघात आहे. तथापि पिवळेपणाची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांची खूण पानाच्या वयात सापडते. नत्र वनस्पतीच्या शरीरात सहज स्थलांतर करते. त्याची उणीव भासल्यास ते जुन्या पानांतून कोवळ्या पानांकडे जाते. त्यामुळे खालची, जुनी पाने आधी व सरसकट पिवळी होतात. लोह मात्र असे हलत नाही. त्याच्या अभावी शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि गवताच्या पात्यावर उभे पट्टे दिसतात. मोर्शी–वरूड भागातील संत्राबागांतही लोहाच्या कमतरतेची अशीच लक्षणे आढळतात.

येथील जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे सामू ८च्या आसपास राहतो आणि लोह मुळांना न मिळणाऱ्या रूपात अडकते. पावसाची झड लागून चिकणमातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही व लक्षणे बळावतात. अशा वेळी युरिया दिल्यास गवत उंच वाढते, पण पिवळेपणा जात नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकल्यास तेही लवकरच निरुपयोगी होते; म्हणून त्याची पानांवर फवारणी करतात. १ लीटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व २.५ ग्रॅम भिजविलेला चुना असे प्रमाण सामान्यतः घेतात. फवारा फरशीवर पडल्यास तांबूस डाग राहतात. पाणी निचऱ्याने काढून देणे हा अधिक टिकाऊ उपाय होय.

डिसेंबर–जानेवारीत हरळी थंडीने सुप्त होऊन फिकी पडते. हा रोग नव्हे व त्यावर खताची गरज नसते.

खताची मात्रा

पोत्यावरील १०:२६:२६ हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी दर्शवितात. युरियात ४६ टक्के नत्र असते. हिरवळीस एका वेळी दर चौरस मीटरला सुमारे ५ ग्रॅम नत्र पुरते; म्हणजे १०० चौरस मीटरला साधारण १.१ किलो युरिया. वाढीच्या काळात, जून ते ऑक्टोबर या दरम्यान, तो हप्त्यांनी द्यावा. अल्कधर्मी जमिनीवर पडून राहिलेल्या युरियातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. त्यामुळे लगेच पाणी देणे आवश्यक असते. अतिरिक्त नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात झिरपते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लीटरला ४५ मिलिग्रॅम आहे. कापलेले बारीक गवत जागीच राहू दिल्यास त्यातील नत्राचा काही भाग जमिनीस परत मिळतो.

खारपाणपट्टा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा इत्यादी तालुक्यांच्या काही भागांत, भूजल खारट आहे. तेथे विहिरीचे पाणी देत राहिल्यास सोडियम साचते, मातीचे कण विखुरतात व निचरा बंद पडतो. मग कोणतेही खत लागू पडत नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, परंतु सुटलेले सोडियम वाहून नेण्यास गोडे पाणी व निचरा दोन्ही हवेत. पावसाळ्यापूर्वी जिप्सम मिसळण्याचे कारण हेच.

माती परीक्षण

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ साली झाली. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली; या पत्रिकेत सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब यांसह १२ बाबी नोंदविल्या जातात. हिरवळीच्या नमुन्यासाठी नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणांहून १० ते १५ सेंटीमीटर खोलीची माती घेतात. ती सावलीत वाळवून एकत्र मिसळतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकतात आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत ही कृती पुन्हा करतात. खत टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना ग्राह्य धरीत नाहीत.