सूचीविना रंग मुके

स्तंभालेख शिकवताना आपण प्रमाण, अक्ष आणि स्तंभांची समान रुंदी यांवर भर देतो. सूची मात्र कोपऱ्यात कशीबशी उरकली जाते. वास्तविक या दोघांचा संबंध फार जुना आहे.

विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ काही काळ जेम्स वॉटकडे आरेखक होता. १७८६ साली लंडनमध्ये त्याने व्यापारविषयक आलेखांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील इतर आलेखांत वर्षानुवर्षांचा व्यापार रेषांनी दाखवला आहे. स्कॉटलंडची आकडेवारी मात्र त्याला एकाच वर्षाची, १७८०-८१ची मिळाली. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने १७ देश-प्रदेशांसाठी आडव्या पट्ट्यांच्या जोड्या काढल्या. एक आयातीची, दुसरी निर्यातीची. आपला जोडस्तंभालेख तो हाच! त्यात काळ दिसत नाही म्हणून प्लेफेअरला स्वतःला तो कमी उपयोगाचा वाटला, ही गंमतच.

जोडी आली की प्रश्न येतो : कोणती पट्टी कशाची? त्या काळी छापील आलेखात रंग हाताने भरावे लागत. प्लेफेअरने निर्यातीची पट्टी भरीव काळी ठेवली, आयातीची रेघारेघांची केली आणि तसे आलेखाखाली लिहून टाकले. ही झाली सूची.

रंगांना सूचीची गरज किती, हे १८५८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आकृतीने दाखवले. क्रिमियन युद्धातील सैनिकांचे मृत्यू त्यांनी वर्तुळाकार मांडलेल्या पाकळ्यांनी दाखवले. त्यांत तांबडा रंग जखमांचा, निळा टाळता येण्याजोग्या रोगांचा आणि काळा इतर कारणांचा. सर्वांत मोठे क्षेत्र निळे होते. तांबडा म्हणजे जखमा, हे एखादा ओळखेलही. पण निळा म्हणजे रोग, हे कोण ओळखणार? शत्रूपेक्षा अस्वच्छता अधिक जीव घेते, हा त्यांचा सारा युक्तिवाद बाजूला लिहिलेल्या खुलाशावर उभा होता.

आज पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब (२००३) वापरून विद्यार्थी क्षणात स्तंभ रंगवतात. ‘कलर’ने रंग ठरतो, ‘लेबल’ने स्तंभगटाला नाव मिळते. सूची मात्र आपोआप उमटत नाही. ‘लेजंड’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. त्याच संचात ‘हॅच’ही आहे. त्याने स्तंभात रेघा भरता येतात, अगदी प्लेफेअरसारख्या!

या रेघांची गरज आजही संपलेली नाही. तांबड्या-हिरव्यातला फरक न जाणवणारे विद्यार्थी, विशेषतः मुलगे, आपल्या वर्गात असू शकतात. त्यांना ‘तांबडा : मुली, हिरवा : मुलगे’ ही सूची काय सांगणार? शिवाय प्रश्नपत्रिकेची छायाप्रत काढली की सारे रंग करडे होतात. उत्तर चुकते ते विद्यार्थ्याचे. चूक असते आलेखाची.

तेव्हा वर्गात एक प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्यांचे रंगीत आलेख काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीत उतरवा आणि एकमेकांना वाचायला द्या. जे वाचता येणार नाहीत, ते रेघा, ठिपके आणि स्पष्ट सूची देऊन पुन्हा काढू द्या.