पूजा, कायदा आणि सर्पज्ञान



बेळगाव परिसरातील आपल्या घरांत नागपंचमीला चिरणे, तळणे, खणणे वर्ज्य मानतात. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्ले मेल्याची कहाणी आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तोच नाग दुसऱ्या दिवशी अंगणात दिसला, तर मात्र काठी शोधली जाते. म्हणूनच ‘श्रद्धेने सर्प राखले’ हे विधान मला अपुरे वाटते. पूजा आणि हत्या शेजारी-शेजारी नांदू शकतात. तमिळनाडूतील इरुळ जमातीचा इतिहास याची साक्ष देतो, आणि त्यातून बाहेर पडण्याची एक वाटही दाखवितो.

चेन्नईच्या दक्षिणेकडील प्रदेशातील इरुळ हे पिढीजात सर्प पकडणारे. त्यांची देवता कन्नीअम्मा. तिचे नागाशी नाते मानले जाते. मातीवरील पुसट माग, बिळाचे तोंड, टाकलेली कात यांवरून सर्पाचा ठाव घेण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. परंतु विसाव्या शतकात या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळाले ते कातड्याच्या व्यापाऱ्याचे. देवीचे हे भक्त अल्प मोबदल्यासाठी सर्प मारू लागले, आणि ती कातडी परदेशी जाऊ लागली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७६ मध्ये सर्पचर्माची निर्यातही थांबली. कायदा रास्तच होता. परंतु त्याने व्यापाऱ्याचा धंदा बुडाला, तशी इरुळांची चूलही विझली. सर्पांविषयी सर्वाधिक जाणणारी माणसे कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरण्याच्या बेतात होती.

या पेचातून १९७८ साली इरुळ सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांचा तीत पुढाकार होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी सर्प शासनाच्या परवानगीने पकडावयाचे, सुमारे तीन आठवडे मडक्यांत ठेवून ठरावीक अंतराने त्यांचे विष काढावयाचे, पोटाच्या खवल्यावर खूण करून त्यांना पुन्हा रानात सोडावयाचे, अशी ही रीत. खुणेमुळे तोच सर्प लगेच दुसऱ्यांदा वापरला जात नाही. हे विष अत्यल्प मात्रेत घोड्यांना टोचतात व त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार करतात. देशातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा या संस्थेने पुरविला आहे. ज्ञान तेच, हात तेच. केवळ मेलेल्या सर्पाऐवजी जिवंत सर्पाला मोल आले. २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सदैयन या दोन इरुळांना पद्मश्री मिळाली.

आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यातही हाच प्रश्न उभा राहिला. गोरक्षनाथांशी जोडलेली जिवंत नागांच्या पूजेची तेथील परंपरा न्यायालयाच्या आदेशांनी थांबली आणि मूर्तिपूजा आली. नागाची ओढाताण थांबली, हे योग्यच झाले. परंतु नाग कोठे राहतो, केव्हा बाहेर पडतो, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्यांच्या माहितीचे पुढे काय, हा प्रश्न केवळ बंदीने सुटत नाही.

हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतील कष्टकरी होते. दंश झालेल्यास मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ अनेकदा जीव घेतो. श्रद्धेचे हे दुसरे अंगही नाकारून चालणार नाही.

इरुळांच्या इतिहासातून मी एवढाच बोध घेतो: श्रद्धा सर्पाविषयी आदर देते, कायदा त्याला अभय देतो, पण सर्प आणि माणूस दोघेही वाचतात ते जाणत्याच्या ज्ञानाला प्रतिष्ठा आणि भाकरी मिळते तेव्हा. आपल्या शाळेने या चार सर्पांची ओळख आणि दंशानंतर थेट रुग्णालय गाठण्याची सवय प्रत्येक मुलाला लावावी. सर्प पकडणाऱ्या जाणत्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे स्मरण याहून अधिक सार्थ कशाने होईल?