सेंट व्हिन्सेंटचा पत्ता

न्यूयॉर्क शहराच्या ग्रीनिच व्हिलेज या जुन्या वस्तीत, सातव्या ॲव्हेन्यूला लागून, पश्चिम अकरावा आणि बारावा रस्ता यांच्या मधोमध विटांच्या काही भक्कम इमारती उभ्या आहेत. २०१३ साली तेथील सदनिका विक्रीस निघाल्या. सुमारे दोनशे सदनिका, शिवाय पाच स्वतंत्र घरे. आत पोहण्याचा तलाव, मधोमध राखलेली बाग, चित्रपट पाहण्याचे खासगी दालन. भाव दर चौरस फुटास तीन हजार डॉलरांच्याही वर. वस्ती ऐतिहासिक, इमारती ऐतिहासिक, हे त्या घरांचे एक मोठे आकर्षण होते. तो इतिहास नेमका कोणाचा होता, हे जाणून घेण्यासारखे आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि दुष्काळाने गांजलेली माणसे जहाजे भरभरून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरू लागली. ती दरिद्री होती, बहुतांशी कॅथलिक होती, आणि या दोन्ही कारणांस्तव न्यूयॉर्कमध्ये त्यांचे स्वागत थंडच झाले. १८४९ साली शहरात कॉलऱ्याची साथ आली. पाच हजारांवर माणसे दगावली. गरिबांच्या कोंदट खोल्यांत मृत्यूने ठाणच मांडले होते. त्याच वर्षी 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या धर्मभगिनींनी तेराव्या रस्त्यावरील एका लहानशा घरात तीस खाटांचे रुग्णालय उघडले. त्याची धुरा सिस्टर मेरी अँजेला ह्यूज यांच्याकडे होती. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांच्या त्या भगिनी. दोघांचाही जन्म आयर्लंडमधला. रुग्णालयाला नाव दिले संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे. आपल्या धर्मग्रामांत गोरगरिबांसाठी झटणारी सोसायटी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे संत.

१८५६ साली रुग्णालय अकराव्या रस्त्यावर, सातव्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आले आणि पुढली दीडशेहून अधिक वर्षे तेच त्याचे घर झाले. शहरावर आलेले प्रत्येक संकट जणू या दारावरून गेले. २५ मार्च १९११ रोजी जवळच्याच ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ जीव गेले; त्यांत बहुसंख्य इटालियन आणि ज्यू घरांतील कोवळ्या कामगार मुली होत्या. जखमींपैकी काहींना येथे आणले गेले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाली. वाचलेल्यांना घेऊन 'कार्पेथिया' न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली, तेव्हा शंभराहून अधिक लोकांना सेंट व्हिन्सेंटच्या खाटा मिळाल्या. घरदार विकून नव्या देशात निघालेले, आणि आता अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीही न उरलेले स्थलांतरित त्यांत होते.

या नावाशी एक गोड आठवणही निगडित आहे. १८९२ साली एका कुटुंबातील मामाचे प्राण या रुग्णालयात वाचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घरात कन्या जन्मली. कृतज्ञतेपोटी तिच्या नावात 'सेंट व्हिन्सेंट' हे शब्द घातले गेले. हीच पुढे ख्यातकीर्त झालेली कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिले.

१९८० नंतर एड्सचे थैमान सुरू झाले. त्या रोगाचे नाव काढताच लोक दूर सरत. ग्रीनिच व्हिलेजमध्ये समलिंगी तरुणांची मोठी वस्ती होती आणि ते एकामागून एक मृत्युमुखी पडू लागले. १९८४ साली सेंट व्हिन्सेंटने एड्सच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा तो पहिला कक्ष होय. सारे सुरळीत झाले असे नाही. काही कर्मचाऱ्यांच्या वागणुकीविरुद्ध रुग्णांच्या साथीदारांनी निदर्शने केली, आणि रुग्णालयाला आपल्या रीतीभाती सुधाराव्या लागल्या. तरीही इतरत्र नाकारलेल्या कित्येकांनी शेवटचा श्वास येथेच, कोणाचा तरी हात हातात असताना घेतला.

११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले. गंभीर जखमींवर उपचार करण्याची पूर्ण सिद्धता असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय हेच होते. डॉक्टर व परिचारिका स्ट्रेचर घेऊन रस्त्यावर येऊन थांबल्या. सकाळी जखमी आले; पुढे मात्र त्यांची संख्या ओसरत गेली, कारण ढिगाऱ्याखाली जिवंत असे फारसे कोणी उरलेच नव्हते. त्यानंतर रुग्णालयाची भिंत हरवलेल्या माणसांच्या छायाचित्रांनी भरून गेली.

असे रुग्णालय बंद का पडले? एकट्या बिल्डरच्या लोभावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. विमा नसलेल्या गरिबांवरील उपचारांचा खर्च वाढत होता. २००० साली न्यूयॉर्कमधील अनेक कॅथलिक रुग्णालये एका व्यवस्थापनाखाली आणली गेली. त्यातून बळ मिळण्याऐवजी बोजाच वाढला. २००५ साली संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. त्यातून ती सावरली, आणि पुढे एक योजना पुढे आली: जुनी जागा घरांसाठी विकावी आणि समोरच नवे रुग्णालय बांधावे. त्यासाठी समोरची ओटूल इमारत पाडावी लागणार होती. वास्तुवारसा आयोगाने २००८ साली प्रथम नकार दिला, नंतर संस्थेची निकड मान्य करून परवानगी दिली. परंतु नवे रुग्णालय उभे राहिलेच नाही. कर्जाचा डोंगर एक अब्ज डॉलरांच्या घरात गेला. एप्रिल २०१० मध्ये पुन्हा दिवाळखोरी जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दारे बंद झाली. न्यूयॉर्क शहरातील ते शेवटचे कॅथलिक सर्वसाधारण रुग्णालय होते. २०११ साली जागा २६ कोटी डॉलरांना विकली गेली, ती धनकोंची देणी भागविण्यासाठी.

येथे मन थबकते. ग्रीनिच व्हिलेज १९६९ पासून संरक्षित ऐतिहासिक वस्ती आहे. त्यामुळे काही इमारती पाडल्या गेल्या, तरी काहींचे जुने बाह्यरूप राखणे भाग पडले. राखलेल्यांत परिचारिकांचे जुने निवासस्थानही आहे. विटांची जपणूक करणारा कायदा होता. खाटांची जपणूक करणारा नव्हता. कोणत्या खिडकीची चौकट कशी असावी याची छाननी झाली, परंतु त्या खिडकीआड कोणाला जागा मिळावी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या आयोगाला नव्हता. जी ओटूल इमारत पाडावयाची होती, तीच वाचली. २०१४ साली तेथे तातडीच्या उपचारांचे केंद्र सुरू झाले. पूर्वीचे मोठे रुग्णालय मात्र परत आले नाही.

समोरच्या त्रिकोणी जागेत आता एक छोटे उद्यान आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी तेथे एड्सने मृत्यू पावलेल्या एक लाखाहून अधिक न्यूयॉर्ककरांचे स्मारक लोकार्पण झाले. आणि ज्या धर्मभगिनींनी हे सारे आरंभिले, त्यांच्या संघाने २०२३ साली निर्णय घेतला, की यापुढे नवे सदस्य स्वीकारायचे नाहीत. जे कार्य सोपविले होते ते पार पाडून शांतपणे निरोप घ्यायचा.

त्या सदनिकांत राहणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी रीतसर मोल देऊन घर घेतले. बोध घ्यायचा तो संस्था उभारणाऱ्यांनी आणि त्या चालविणाऱ्यांनी. पूर्वजांनी पै पै जमवून उभारलेली शाळा, दवाखाना, अनाथालय ही केवळ मालमत्ता नसते. तिचा हिशेब, तिचे कर्ज, तिची डागडुजी यांकडे वेळीच लक्ष दिले नाही, तर निर्णय आपल्या हाती राहत नाही; तो धनकोंच्या हाती जातो. संत मत्तयच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाच्या वेळी प्रभू रुग्णांची विचारपूस केली काय, असे विचारतो. तेराव्या रस्त्यावरच्या तीस खाटा हे त्या प्रश्नाला १८४९ साली दिलेले उत्तर होते. आपल्या पिढीचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.